अर्थिंग

आमच्या मामूंचा इंतकाल झाला तेव्हा त्यांच्यामागे मामी, दोन मुली आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली एक लाल गाडी राहिली. गाडी साधी नव्हती. सॅन स्टॉर्म! दोन माणसांची, वरचे छप्पर काढता येणारी, गोव्यात तयार झालेली. अंग फायबरग्लासचे, आत ११४९ सीसीचे रेनॉचे इंजिन. आखातात बावीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवून आलेल्या मामूंनी ती जुनी विकत घेतली होती. "आयुष्यभर साहेबाला मागे बसवले, आता गाडीला मागची सीटच नको," असे म्हणून ते हसत.

धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि मामींनी गाडी विकायचे ठरवले. आम्ही उर्दू हायस्कूलात सायन्स शिकवतो, बी.एड. आहोत, म्हणून जबाबदारी आमच्यावर आली. गिऱ्हाईक मिळाले. पण गाडी दाखवायला नेताना हातखंब्याच्या नाक्यावर गर्दीत अडकलो आणि सुई लाल रेषेला टेकली. मोकळ्या रस्त्यावर सुई ठीक, थांबलो की वर. कारण उघड होते. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो विजेच्या पंख्यानेच द्यावा लागतो. पंखा फिरत होता, पण रोजा लांबलेल्या माणसासारखा, थकून.

एका मेकॅनिकने पाहिले न पाहिले आणि सांगितले, "मोटर गेली. हिचे पार्ट आता कुठून आणणार? पहाटे थंडीत दाखवा, फार वेळ उभी करू नका. कळणारही नाही."

आम्ही हे मामींना सांगितले. खरे बोलायचे तर आमचे मन डळमळले होते. फीची तारीख जवळ आली होती. मामी एवढेच म्हणाल्या, "घेणाऱ्यालाही घरदार असेल ना?"

मग आम्ही स्वतःच टेस्ट लॅम्प घेऊन बसलो. पंख्याच्या दोन तारांना बल्ब लावला, तो लखलखीत पेटला. करंट येतो आहे, म्हणजे मोटरच गेली. आम्हीही मेकॅनिकच्या निकालावर सही केली.

संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी आला. रिक्षांच्या गॅरेजात काम करतो. नववीत असताना त्याने वर्गात विचारले होते, "सर, रेझिस्टन्स तारेत नेमका बसतो कुठे?" आम्ही म्हणालो होतो, "हे परीक्षेत येत नाही. फॉर्म्युला पाठ कर." त्या वर्षी तो नापास झाला आणि त्याची शाळा सुटली. प्रगतिपुस्तकावर सही आमचीच होती.

त्याने बॅटरीवरून दोन तारा थेट मोटरला दिल्या. पंखा गरजला. मोटर शाबूत! मग पहिली जोडणी परत करून, पंखा चालू असताना, त्याने मीटरचे एक टोक पंख्याच्या अर्थिंगला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. ४ व्होल्ट.

"सर, इथे जवळजवळ शून्य पाहिजे."

पत्र्याच्या गाडीत अर्थिंग बॉडीला कुठेही देता येते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून तार खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. तिथला बोल्ट समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून गेला होता. दोष गाडीचा नव्हता, वर्षांचा होता.

मग बल्ब कसा पेटला? आम्ही कागद घेतला. पंखा ८ अँपिअर ओढत होता. ४ भागिले ८, म्हणजे गंजाचा रेझिस्टन्स अर्धा ओहम. ५ वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. त्याचे नुकसान जेमतेम ०.२ व्होल्ट. पंख्याचे पुरे ४. ओहमचा हाच नियम आम्ही दहा वर्षे फळ्यावर लिहीत आलो. बी.एड.ला याच पाठावर आम्हाला शाबासकी मिळाली होती.

"रेझिस्टन्स इथे बसला होता, सर," तो बोल्टवर बोट ठेवून म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला फक्त उत्तर सापडले होते.

त्याने आधी बॅटरीची तार सोडली. गरम गाडीचा पंखा कधी अचानक सुरू होईल याचा नेम नसतो. पॉलिश पेपरने सांगाडा चकचकीत घासला, नवा बोल्ट, नवी जाड तार, वरून ग्रीस. अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली. सुई चढली, पंखा लागला, सुई उतरली, पंखा थांबला. मामी दारात उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या.

गिऱ्हाइकाला आम्ही सगळे सांगून गाडी दिली. किंमत थोडी कमी आली, फी मात्र भरली गेली.

तो गंजका बोल्ट आता आम्ही नववीच्या वर्गात नेतो. मुले हातात घेऊन पाहतात, प्रश्न विचारतात. परीक्षेत येत नाही, असे आम्ही आता म्हणत नाही. पण ज्याचा प्रश्न होता तो वर्गात नाही. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरू या, असे आम्ही त्याला म्हटले. "शुक्रवारी बघू, सर," म्हणाला. तीन शुक्रवार गेले. या शुक्रवारी आम्हीच त्याच्या गॅरेजवर जाणार आहोत.