टेड गिनची चौदा वर्षं

शार्लटला आले तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बँकेत कंत्राटावर टेस्टिंगचं काम होतं आणि सोमवारी सकाळी ऑफिसात शार्लटच्या पँथर्स संघाखेरीज दुसरा विषय नसायचा. डबा एकटीने खायचा नसेल तर त्यावर दोन वाक्यं बोलता यायला हवीत, एवढ्या स्वार्थापोटी मी सामने बघायला लागले. शेजारच्या क्यूबिकलमध्ये साठीचे एक गृहस्थ होते, वर्षानुवर्षं सीझन तिकीट काढणारे. खेळ मी त्यांच्याकडून शिकले, म्हणून ते माझे गुरुजी. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, "चेंडूकडे बघू नकोस. चेंडू ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे बघ."

2015 च्या ऑगस्टमध्ये पँथर्सचा सराव बघायला आम्ही स्पार्टनबर्गला गेलो. वॉफर्ड कॉलेजच्या मैदानावर तो फुकट बघता यायचा. साउथ कॅरोलिनातलं ऊन म्हणजे आपल्याकडचं वैशाखातलं ऊन, वर कोकणासारखा घाम. सराव संपला तरी काही रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, थांबले होते. चेंडू फेकणारं एक यंत्र असतं, दोन फिरत्या चाकांमधून ते थाडथाड चेंडू सोडतं. त्याच्यासमोर उभं राहून ते झेल घेत होते, कधी दोन्ही हातांनी, कधी एका. नवरा म्हणाला, "कोट्यवधी रुपये मिळवणारी माणसं अजून कॅचिंग प्रॅक्टिस करतायत!" त्याच महिन्यात केल्विन बेंजामिन, पँथर्सचा पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर, सरावातच गुडघ्याला जायबंदी झाला आणि अख्ख्या हंगामाला मुकला. त्याच्या जागी मुख्य रिसीव्हर म्हणून उरला टेड गिन.

गिनचं नाव घेतलं की लोक तोंड वाकडं करायचे. त्याचे झेल सुटतात, ही ख्याती सगळीकडे पोचलेली. क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल शाळेतला हा मुलगा, वडीलच तिथले फुटबॉल कोच. शाळेत तो अडथळ्यांची शर्यत धावायचा आणि फुटबॉलमध्ये बचावाला खेळायचा. म्हणजे झेल घेणं ही त्याची मूळ विद्याच नव्हे, धावणं ही होती. ओहायो स्टेटमध्ये तो रिसीव्हर झाला. 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, मायामी डॉल्फिन्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली, कारण त्यांना चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन हवा होता. त्या वर्षी डॉल्फिन्स सोळातले पंधरा सामने हरले. 2009 मध्ये जेट्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात दोन किकऑफ प्रत्येकी किमान शंभर यार्ड पळत परत आणून टचडाउन केले; असं आधी कुणी केलं नव्हतं. तरी पुढच्या वर्षी डॉल्फिन्सने त्याला पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. तिथे 2012 च्या पूर्ण हंगामात त्याचे झेल किती? दोन. दोन्ही मिळून यार्ड एक! आणि तरीही तो संघात टिकला, सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेला, कारण पंट आणि किकऑफ झेलून परत पळणारा माणूस लागतोच.

मग एक वर्ष शार्लट, एक वर्ष ॲरिझोना. ॲरिझोनाच्या कार्डिनल्सने सोडलं आणि 2015 मध्ये तो पुन्हा शार्लटला आला. एनएफएलमधली बहुतेक कंत्राटं कागदावर तीन-चार वर्षांची दिसली तरी त्यातला थोडाच पैसा खात्रीचा असतो. संघाला वाटलं की नाव कापलं. खेळाडूंची कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षंच चालते असं त्यांची संघटनाच सांगते. दर सहा महिन्यांनी कंत्राट वाढतंय की नाही याची धाकधूक मलाही होती, तेव्हा हा माणूस मला आवडायला लागला यात नवल नाही. नवऱ्याने त्याचं नाव 'गळका' ठेवलं.

2 नोव्हेंबर 2015 चा कोल्ट्सविरुद्धचा सामना मी मैदानात बसून पाहिला. सोमवारची रात्र, धो धो पाऊस. गुरुजींची बायको आजारी म्हणून एक तिकीट मला मिळालं होतं. पँथर्सनी सतरा गुणांची आघाडी घालवली, सामना जादा वेळेत गेला आणि कोल्ट्स तीन गुणांनी पुढे गेले. आणि मग गिन सगळ्यांना मागे टाकून एकदम मोकळा! आपला क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याने चेंडू नेमका त्याच्या हातात टाकला. झेलला असता तर सामना तिथेच संपत होता. सुटला. माझ्या मागच्या बाकावरच्या माणसाने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. गुरुजींनी रेनकोटची टोपी मागे सारली, पाणी निथळू दिलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळीही त्यालाच टाकतील." पुढे आपला किकर गॅनो याच्या किकवर बरोबरी झाली, बचावातल्या कीकलीने चेंडू हिसकावला आणि गॅनोच्याच 52 यार्डांच्या किकवर आपण जिंकलो.

त्यालाच का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पेपर नॅपकिनवर रेघा मारून समजावलं. गिन सरळ पळत सुटला की बचावातला एक माणूस, कधी दोन, त्याच्या मागे खेचले जातात. तो झेल घेवो न घेवो, मधली जागा रिकामी होते आणि तिथे आपल्या ग्रेग ओल्सनला चेंडू मिळतो. खात्यावर यार्ड ओल्सनचे. गिनच्या नावापुढे काहीच नाही. तो सुटलेला झेल मात्र सगळ्यांच्या लक्षात! त्या हंगामात त्याने 10 टचडाउन झेलले. आधीच्या आठ हंगामांत मिळून झाले होते 11.

24 जानेवारी 2016. सुपर बोलमध्ये कोण जाणार हे ठरवणारा सामना शार्लटलाच होता आणि समोर, योगायोगाने, कार्डिनल्स. हा मी टीव्हीवर पाहिला. गिनने सुरुवातीला 22 यार्ड धावून टचडाउन केला, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला आठवतंय ते मध्यंतराआधीचं. पॅट्रिक पीटरसनने न्यूटनचा फेकलेला चेंडू हिसकावला आणि पळत सुटला. पीटरसन स्वतः लीगमधल्या वेगवान खेळाडूंपैकी. सत्तरएक यार्ड तो एकटाच पुढे, आणि कडेने तिरपा येत गिनने त्याला गाठून पाडलं. त्यानंतर कार्डिनल्सच्या क्वार्टरबॅकचा चेंडू आपल्या कर्ट कोलमनने एंड झोनमध्ये पकडला आणि त्यांना एकही गुण मिळाला नाही. सामना 49-15 असा सुटला. रिसीव्हरच्या आकडेवारीत असल्या धावेसाठी रकानाच नसतो. नवराही सोफ्यावरून उठून उभा राहिला होता, पण नाव बदलायला तयार नाही!

सुपर बोल पँथर्स हरले, 24-10. 2017 मध्ये गिन न्यू ऑर्लिन्सला गेला, तीन हंगाम खेळला. 2020 मध्ये शिकागोने घेतलं आणि हंगाम संपायच्या आतच सोडलं; तिथे त्याचे झेल तीन. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. सहा संघ, 412 झेल, 5,742 यार्ड, 33 टचडाउन. हजार यार्डांचा हंगाम एकही नाही. सर्वांत जास्त 790, तेही दुसऱ्याच वर्षी. गुरुजींना मी हे आकडे फोनवर वाचून दाखवले, तर ते आधी म्हणाले, "पीटरसनचे सत्तर यार्ड यात धरलेत का?" आणि मग लगेच नव्या रिसीव्हरला शिव्या घालायला लागले.