समुद्राखालची कौले

दिवेआगरची जमीन खणली की इतिहास हाती लागतो, अशी त्या गावाची ख्याती आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा प्रसिद्ध मराठी ताम्रपट याच गावाचा. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात सुवर्णगणेश होता. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचे प्राण घेऊन तो पळवला. पुढे मूर्तीचे सोने वितळवल्याचे उघड झाले.

सुपारीच्या वाड्या संपतात तेथे सुरूचे बन, त्यापुढे वाळू आणि मग अरबी समुद्र. हजार वर्षांपूर्वी ताम्रपट कोरला गेला तेव्हाही या पाण्यावरून गलबते जात होती. त्यांतली काही बुडालीही असणार. पण वाडीत कुदळ चालते, पाण्याखाली ती चालवायची कोणी?

माणूस समुद्राखाली गेला तो मुख्यतः मोती, स्पंज आणि बुडालेला माल काढण्यासाठी. एडमंड हॅली हा धूमकेतूमुळे ओळखला जाणारा शास्त्रज्ञ. त्याने १६९१ मध्ये पाण्यात सोडायच्या घंटेत ताजी हवा पुरवण्याची युक्ती काढली. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबे याचा धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, आणि १९४३ मध्ये कूस्तो व गान्यां यांनी पाणबुड्याला वरच्या नळीपासून मुक्त केले. साधने सुधारत गेली, हेतू मात्र बराच काळ तोच राहिला: वस्तू वर आणायची.

खरा पालट १९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्याजवळ झाला. कांस्ययुगातल्या बुडालेल्या जहाजाचा ठाव स्पंज काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना होता. जॉर्ज बास या तरुण पुरातत्त्वज्ञाने होडीत बसून वस्तूंची वाट पाहण्याऐवजी बुडी मारणे शिकून घेतले, आणि तळाशी जाऊन जमिनीवरच्याच शिस्तीने मोजमापे, नकाशे केले. कोणती वस्तू कशाशेजारी पडली आहे, हे त्याच्या लेखी वस्तूइतकेच मोलाचे होते.

भारतात हे काम गोव्यातून सुरू झाले. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. दोना पावला येथील या संस्थेत १९८० च्या दशकाच्या आरंभी लोथलचे उत्खननकर्ते एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला. वर्तमानपत्रांना द्वारकेचे आकर्षण अधिक वाटले, ते स्वाभाविकच. परंतु पाण्याखालची नगरी म्हटले की तर्काआधी श्रद्धा धावते. गोव्याच्या खडकांवरची जहाजे त्या मानाने उपेक्षित राहिली, आणि कोकणाशी त्यांचे नाते तर अधिक जवळचे.

सुंची रीफ या खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि तोफा होत्या. आफ्रिका आणि चीन एकाच ढिगाऱ्यात! पश्चिम किनारा कोणत्या व्यापाराच्या मध्यावर होता, हे सांगायला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजात मात्र ना हस्तिदंत होते, ना तोफा. होती ती छपराची कौले, आढ्यावरची कौले, सांडपाण्याच्या नळ्या आणि खांबांच्या माथ्यावर बसवायची नक्षीदार शिरे. त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशन कारखान्याचा छाप आणि १८६५ हे वर्ष.

येथे घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचे वर्ष. तेच पुढेही छापले जाई. म्हणजे जहाज त्याआधी बुडालेले नाही, एवढेच छापावरून ठरते. किती नंतर बुडाले, हे कौल सांगत नाही. ते इतर पुराव्यांवरून काढावे लागते.

सुवर्णगणेश वितळला आणि मागे उरली छायाचित्रे. कौलांना वितळवून काही मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर कोणाचा डोळा नव्हता. ती अभ्यासकाच्या हाती लागली तेव्हा आपल्या जागी होती. जहाज कोणता माल नेत होते, तो कोणत्या प्रकारच्या बांधकामासाठी होता, हे त्या ढिगाऱ्यावरूनच कळू शकले. एखाद्या हौशी पाणबुड्याने चार नळ्या आठवण म्हणून उचलल्या असत्या, तर गेलेल्या नळ्यांबरोबर उरलेल्यांचाही अर्थ उणा झाला असता.

मंगळुरी कौले कोकणातल्या जुन्या घरांवर आजही आहेत. पावसाळ्यापूर्वी शाकारणीसाठी ती खाली उतरवली जातात. एखादे कौल उलटे केले की मागच्या बाजूला कारखान्याचे नाव दिसते. ओल्या फडक्याने ते पुसले जाते आणि कौल पुन्हा आपल्या ओळीत बसते.