बॅरन आणि नारकोंडम : एकाच आगीची दोन बेटे

२३ जानेवारी २०१७. ‘सिंधू संकल्प’ हे संशोधन जहाज अंदमान समुद्रात बॅरन बेटाजवळ होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ समुद्रतळाच्या गाळाचे नमुने घेत असताना समोरच्या ज्वालामुखीने अचानक राख फेकायला सुरुवात केली. दिवसा दिसत होते ते केवळ राखेचे ढग. सूर्य मावळल्यावर मात्र मुखातून उसळणारी लाव्हारसाची तांबडी कारंजी आणि उतारावरून येणारे ओघळ दिसू लागले. आग दिवसाही होतीच. ती दिसायला अंधार व्हावा लागला.

बॅरन हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. श्रीविजयपुरमपासून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, ईशान्येस सुमारे १४० किमी. बेट जेमतेम ३ किमी रुंद. पाण्याबाहेर दिसते ते सुमारे ३५० मीटर उंचीचे टोक. उरलेला, दोन किलोमीटरहून अधिक उंचीचा डोंगर समुद्रात बुडालेला आहे.

ही आग घर्षणातून पेटते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तिचे मूळ पाण्यात आहे. येथे भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो. त्याच्या खनिजांत बांधले गेलेले पाणी खोलवरच्या उष्णतेने व दाबाने मोकळे होते, वरच्या प्रावरणात शिरते आणि तेथील खडकाचा द्रवणांक खाली आणते. मीठ टाकल्यावर बर्फ वितळू लागतो, तसा हा तप्त खडक आणखी न तापताही वितळू लागतो. १८३२ नंतर दीड शतकाहून अधिक काळ शांत राहिलेला बॅरन १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला, तो याच प्रक्रियेतून.

त्याच ज्वालामुखी रांगेत, उत्तरेस सुमारे १३५ किमीवर, नारकोंडम आहे. या नावाचा संबंध ‘नरककुंड’ या शब्दाशी जोडला जातो. प्रत्यक्षात ७१० मीटर उंचीचे हे बेट घनदाट अरण्याने झाकलेले आहे. येथील ज्वालामुखीच्या उद्रेकाची ऐतिहासिक काळात नोंद नाही. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आगबोटीने येथे आले आणि त्यांनी येथील धनेशाचे, म्हणजे हॉर्नबिलचे, वर्णन शास्त्रजगतापुढे ठेवले. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखले गेले.

नारकोंडमचा धनेश जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. अलीकडच्या गणनेनुसार त्याची संख्या हजाराच्या घरात आहे आणि त्याचे सारे जग सुमारे ७ चौरस किलोमीटरचे आहे. धनेशाची मादी मोठ्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. नर फटीतून तिला फळे भरवतो. फळे खाऊन हे पक्षी बिया रानभर पसरवतात. अरण्य पक्ष्याला घर देते आणि पक्षी अरण्याची पेरणी करतो.

हे चक्र किती सहज तुटू शकते, ते शेळ्यांनी दाखवले. नारकोंडमवर पोलीस चौकी झाली आणि तिच्यासाठी १९७६ मध्ये शेळ्या आणल्या गेल्या. त्या रानात पसरल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. जुने वृक्ष उभे होते, पक्षीही उडत होते; पण उद्याच्या ढोल्या ज्या झाडांत व्हायच्या, ती झाडे वाढतच नव्हती. पुढे शेळ्या हटवाव्या लागल्या. बॅरनवरही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोटीवरून शेळ्या सोडल्या गेल्या होत्या. त्यांचे वंशज राख आणि खडकांच्या त्या मुलखात तगून राहिले. नारकोंडमवर तटरक्षक दलाच्या रडार केंद्राला २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. २०१४ मध्ये ती मिळाली. सीमेचे रक्षण आणि एका प्रजातीचे रक्षण, दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणूनच तेथे येणारी प्रत्येक वाट, प्रत्येक बांधकाम मोजून-मापून व्हायला हवे.

पर्यटकांची छोटी जहाजे बॅरनला दुरून प्रदक्षिणा घालून परततात. सामान्य प्रवाशाला बेटावर पाय ठेवता येत नाही. इतक्या लांब येऊन काठाशीच थांबणे अनेकांना खटकते. त्या वेळी उत्तरेकडचे ते दुसरे बेट आठवावे. लाव्हारसावर अरण्य उभे राहायला लागलेला काळ फार मोठा होता. ते पोखरायला बोटीतून उतरलेल्या मूठभर शेळ्या पुरल्या.