इनामगावचा खेळ

शाळेत इतिहास शिकवताना एक अडचण मला शेवटपर्यंत जाणवली. शिवाजीमहाराज म्हटलं की वर्ग ताठ बसायचा. ताम्रपाषाणयुग आलं की जांभया सुरू! तिथे राजा नाही, लढाई नाही, कुणाचं नावसुद्धा नाही. खापरं, हाडं, जळालेले दाणे, एवढंच. आमच्या शिरवळचंच पाहा ना. सुभानमंगळचं नाव पोरासोरांना ठाऊक असतं. पण गावाजवळची पंधरा बौद्ध लेणी अगदी साधी, नक्षीकाम नाही, म्हणून सहल गेली की मुलं दहा मिनिटांत डबे उघडून बसतात.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून एक खेळ शिकून आला. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं, एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण त्या पात्राच्या जागी राहून काय करू ते बोलायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा असा पहिला खेळ बाजारात आला म्हणे. त्यात राक्षस आणि जादूगार. बाहेरच्या देशांत पुरातत्त्वाचे काही अभ्यासक लोकांना आपला विषय कळावा म्हणूनही असे खेळ वापरतात, हे त्याच्याकडूनच कळलं. मला आपली भातुकली आठवली. मी म्हटलं, राक्षस राहू देत, आपण इनामगाव खेळू या.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी तिथे उत्खननं केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव पिकवत, नदीचं पाणी बांध घालून वळवत. पाच खोल्यांचं एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार सापडलं, ते गावच्या मुख्याचं असावं असं मानतात. पुढेपुढे पाऊस कमी होत गेला, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. आणि मग वस्तीच उठली.

आमच्या खेळाचा काळ हा शेवटचा घेतला. सूत्रधार नातू. खेळायला सातवीतली नात आणि शेजारची तीन मुलं. फासे लुडोचे, कोठारातलं धान्य म्हणजे चिंचोके. दर वर्षी पावसाचा फासा टाकायचा; एक किंवा दोन पडले की मूठभर चिंचोके कमी. एक नियम मात्र माझा होता. बोललेल्या प्रत्येक गोष्टीसमोर चिठ्ठी ठेवायची. जमिनीत प्रत्यक्ष सापडलं असेल तर पांढरी, अभ्यासकांचा तर्क असेल तर पिवळी, आणि आपल्या मनचं असेल तर काहीच नाही.

या चिठ्ठ्यांनी खरी गंमत आणली. इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले आढळतात. ही पांढरी. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून, ही पिवळी. पण चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष सापडला, त्याचे पाय शाबूत! शेजारचा पाचवीतला मुलगा विचारतो, “बाई, त्याचेच का नाही तोडले?” तो मुख्य असावा म्हणून, असं म्हणतात. त्याने पिवळी चिठ्ठी उचलली, क्षणभर पाहिली आणि म्हणाला, “पण नक्की नाही ना?” इतक्या वर्षांत हा प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता.

तिथे दोनशेच्या वर दफनं सापडली, त्यांत बहुतेक लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. नातीचं पात्र अशा एका घरातली आई होती. तिचं बाळ आदल्या वर्षी गेलेलं. सलग तीन वर्षं फासा वाईट पडला, चिंचोके संपत आले आणि सूत्रधाराने विचारलं, “गाव सोडायचं का?” बाकीचे हो म्हणाले. नात म्हणाली, “मी नाही येणार. बाळ इथे खाली आहे.”

कुणीच काही बोललं नाही. तिने चिठ्ठ्यांकडे हात नेला आणि मागे घेतला. याला पांढरी नाही, पिवळीही नाही, हे तिला कळलं होतं.

शेजारी वाचत बसलेले माझे धाकटे दीर मात्र उठले. म्हणाले, “वहिनी, मेलेल्या लेकरांचा खेळ करायचा का हो?”

प्रश्न खोटा नव्हता. मी लगेच उत्तर दिलं नाही. माझ्या आईचं माझ्या आधीचं मूल सहा महिन्यांचं होऊन गेलं. आपल्यात तान्ह्यांना अग्नी देत नाहीत, ओढ्याकाठी पुरलं. आई त्या ओढ्याला धुणं घेऊन कधी गेली नाही. लांबच्या विहिरीवर जायची. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती गेल्यावर मावशीकडून कळलं. उद्या कुणी तो ओढा खणला तर हाडं सापडतील, पण आईची ती लांबची वाट सापडणार नाही. अहवालात त्या मडक्यांना क्रमांक असतात, ते हवेतच. पण त्या क्रमांकामागे एक बाई होती, हे आठवायला कुणीतरी तिच्या जागी बसावं लागतं. आणि बसताना हेही ध्यानात ठेवावं लागतं की आपण जे बोललो ते आपलं, तिचं नव्हे. भाऊजींना मी एवढंच सांगितलं. मात्र त्यांचं ऐकून एक नियम वाढवला: कुणाच्या मरणासाठी फासा टाकायचा नाही.

आता मुलांना शिरवळच्या लेण्यांचा खेळ हवा आहे. कार्ल्याला बरं आहे, तिथल्या लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन अशी दात्यांची नावंच कोरलेली आहेत. आपल्याकडे छोटा चैत्य, त्यात साधा स्तूप आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या. “पांढऱ्या चिठ्ठ्या फार कमी पडतील,” नातू म्हणाला. त्यावर नात म्हणाली, “मग आधी जाऊन नीट बघू या. किती खोल्या, किती ओटे, पाणी कुठून येत असेल, सगळं लिहून काढू.”

टेप आणि वही तिने पिशवीत भरून ठेवली आहे. रविवारी उन्हं चढायच्या आत निघायचं ठरलंय. भाऊजीही येतो म्हणाले.