दुसरा आकडा

आकड्यापुढे मान तुकविणे हा आम्हां सुशिक्षितांचा कुळाचारच होऊन बसला आहे. कागदावर छापलेला आकडा दिसला, की आमची शंका तेथेच विरते. ह्या श्रद्धेस गेल्या पावसाळ्यात एका रात्री चांगलाच धक्का बसला.

आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीत कळ आली, म्हणून आम्ही त्यांस रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख निश्चित काही सांगेना. तेव्हा डॉक्टरांनी रक्तातील ट्रोपोनिन मोजावयास सांगितले. तासाभराने अहवाल आला. आकडा मर्यादेच्या आत होता! आम्ही घरी निघण्याची भाषा बोलू लागलो. डॉक्टर मात्र एवढेच म्हणाले, "तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊ."

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन. स्नायूस इजा झाली, की ते रक्तात झिरपते. पण त्याचे प्रमाण वाढावयास वेळ लागतो. रक्तातील असंख्य प्रथिनांतून हे एकच हुडकण्याचे काम प्रतिपिंडांकडे असते. एक प्रतिपिंड त्यास धरून ठेवते. प्रकाश देणारे द्रव्य जोडलेले दुसरे त्याच्या दुसऱ्या अंगास बिलगते. बाकीचे सारे धुऊन काढल्यावर जो प्रकाश उरतो, त्यावरून आकडा ठरतो.

प्रतिपिंडांच्या ह्या ओळखीवर मोजमाप उभारण्याचा मार्ग न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन ह्यांनी दाखविला. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांनी लिहिले, तेव्हा १९५५ साली तो लेख परत आला. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे होणे तज्ज्ञांस संभवनीय वाटेना! शीर्षकातील तो शब्द गाळल्यावरच १९५६ साली लेख छापला गेला. पुढे त्याच प्रतिपिंडांच्या साह्याने दोघांनी रक्तातील इन्शुलिन मोजून दाखविले. बर्सन १९७२ साली वारले. यॅलोबाईंस १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी ते जुने नकारपत्र जगापुढे ठेवले.

त्या तज्ज्ञांनी नाकारण्याची घाई केली. आम्ही मानण्याची करीत होतो. दोष एकच नव्हे काय?

पहाटे दुसरा आकडा आला. तो पहिल्याच्या कितीतरी पट होता. उजाडण्यापूर्वी बंधूंस शस्त्रक्रियागृहात नेले, आणि त्यांच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करण्यात आली.

आज ते घरी सुखरूप आहेत. दोन्ही अहवाल आम्ही कपाटात ठेवले आहेत. दुसऱ्याने बंधू वाचले, हे खरे. पण वरचेवर काढून पाहतो तो पहिलाच. तो खोटा नव्हता; केवळ लवकर आला होता.