शेवटच्या कार्बनवरचा हायड्रोजन

प्रिय सई,



तू संशोधनासाठी रॅडिकल रसायन घेतलंस हे ताईकडून कळलं, तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, बंधऊर्जेचा तक्ता समोर ठेवला की झालं, जो कार्बन-हायड्रोजन बंध सगळ्यांत कमकुवत, तोच तुटणार." तक्ता खोटा नाही. टोकाच्या मिथाइलचा बंध तोडायला मोलमागे सुमारे १०१ किलोकॅलरी लागतात, तर तीन कार्बनांना जोडलेल्या कार्बनवरचा बंध साधारण ९६ मध्ये तुटतो. पण मला या विषयाचा लळा लागला तो हा तक्ता जिथे अपुरा पडतो तिथेच.

रसायनज्ञ हॉफमनचंच बघ. १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये तो कोनाइनवर काम करत होता. हेमलॉकमधलं हे विष. सॉक्रेटिसला दिलेला प्याला त्याच वनस्पतीचा. हॉफमनने कोनाइनच्या नायट्रोजनवर ब्रोमिन बसवला, तो पदार्थ सल्फ्युरिक आम्लात तापवला, मग अल्कली घातली आणि हाती आला दोन कड्यांचा रेणू. नायट्रोजन जाऊन जोडला गेला होता बाजूच्या तीन कार्बनी साखळीच्या अगदी टोकाला, त्या मिथाइलला! वाटेतले दोन कार्बन, ज्यांचे बंध तोडायला सोपे, ते त्याने सोडून दिले.

कागदावर काढून बघ. नायट्रोजन-ब्रोमिन बंध तुटला की नायट्रोजनवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजे तो रॅडिकल होतो, आणि त्याला हायड्रोजन हवा असतो. साखळी वळली की नायट्रोजन, चार कार्बन आणि टोकाचा तो हायड्रोजन मिळून सहा अणूंचं कडं होतं. ताण न येता पोहोचता येईल असा हायड्रोजन हाच. तो नायट्रोजनकडे जातो, एकटा इलेक्ट्रॉन टोकाच्या कार्बनवर येतो, तो कार्बन दुसऱ्या रेणूचा ब्रोमिन घेतो आणि प्रक्रिया पुढे चालू राहते. शेवटी अल्कली कडं बंद करते. हॉफमनला हे कळायला मार्गच नव्हता, कारण गोम्बर्गने पहिला स्थिर सेंद्रिय रॅडिकल दाखवला तो १९०० मध्ये. १९०९ मध्ये लोफ्लर आणि फ्रायटाग यांनी ही अभिक्रिया साध्या अमाइनांवर नेली, म्हणून आज ती तिघांच्या नावाने ओळखली जाते.

हॉफमनच्या रेणूत निवड ठरते ती पोहोच कुठवर आहे यावरून. बोरॉनचं गणित निराळं आहे, तिथे ती इलेक्ट्रॉनांवरून ठरते. ऑक्सिजनवरचा रॅडिकल इलेक्ट्रॉनांचा भुकेला. एस्टरमध्ये कार्बोनिलशेजारच्या कार्बनकडे मुळातच इलेक्ट्रॉन कमी. तिथला हायड्रोजन काढायला तो रॅडिकल फार वेळ लावतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ब्रायन रॉबर्ट्स यांनी १९८० च्या दशकात अशा मिश्रणात थोडं अमाइन-बोरेन घातलं. ऑक्सिजनचा रॅडिकल बोरॉनवरचा हायड्रोजन चटकन घेतो. मागे राहतो बोरॉनचा रॅडिकल. नायट्रोजनने आपली इलेक्ट्रॉनजोडी बोरॉनला दिलेली असल्यामुळे तो इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतो आणि कार्बोनिलशेजारचाच हायड्रोजन निवडून घेतो. एकाऐवजी दोन पायऱ्या, तरी वाट लवकर संपते. संपूर्ण सेंद्रिय रसायनात मला याहून देखणा विचार आठवत नाही.

आणि २०२० मध्ये ब्रिस्टलच्या वरिंदर अगरवाल यांच्या गटाने 'नेचर'मध्ये जे छापलं, ते तू आधी वाच. जांभळा प्रकाश, नायट्रोजन-ऑक्सिजन बंध असलेला थॅलिमाइड ऑक्सिडीकारक, क्लोराइड आणि दोन बोरॉन जोडलेलं संयुग. इरिडियम-ऱ्होडियमसारखा एकही महाग धातू नाही. सुटा क्लोरीन रॅडिकल मिळेल तो हायड्रोजन उचलतो. इथे मात्र बोरॉन त्याला धरून ठेवतो. या जोडगोळीला गर्दीतल्या कार्बनापाशी शिरता येत नाही, म्हणून ती उघड्यावरच्या मिथाइलकडे वळते. तक्त्यातला सगळ्यांत बळकट बंध आधी तुटतो, आणि त्या जागी बोरॉन येऊन बसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं पुढे अल्कोहोल करता येतं. निर्जीव म्हणून सोडून दिलेल्या अल्केनातून हे निघतं, याचा मला अजूनही आनंद होतो.

तुझ्या रेणूत नायट्रोजन आहे म्हणालीस. त्याच्यापासून कार्बन मोज. चौथ्यावर हायड्रोजन असेल, तर मॉडेल हातात घेऊन साखळी वळवून बघ. मध्ये दुहेरी बंध असेल तर ती ताठ राहील आणि हॉफमनची वाट बहुधा बंद होईल. मग बोरॉनचा विचार करू. रेणूचं चित्र मला पाठव, रविवारी बोलू.

तुझी,
मावशी