राइड

परवा भंगारवाल्याने माझी तडकलेली राइड, म्हणजे ड्रमसेटमधली मोठी झांज, तराजूत टाकली आणि म्हणाला, "पितळ." मी म्हटलं, "अरे, कासं आहे. 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील." आजी तळपायाला तूप चोळायची ती वाटी याच कुळातली. भाव त्याने पितळेचाच लावला.

आता नवी घ्यायची. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला लावणीपासून गझलेपर्यंत सगळं एकाच राइडवर निभवावं लागतं, कारण बॅग खांद्याला लावून लोकलमध्ये चढायचं असतं. जाड झांज काडीचा ठोका स्वच्छ देते, पण कडेवर मारली तर उघडत नाही. पातळ झांज भरभरून पसरते आणि त्या पसाऱ्यात पुढचा ठोका बुडतो. म्हणून मधली बघायची: 20-21 इंची, मध्यमाहून थोडी पातळ, दोन-सव्वादोन किलोची, मधला घुमट खणखणीत बोलणारी. दुकानात लोक तिच्यावर नुसते हाणत सुटतात. मला त्यांचा मनापासून राग आहे. हळू वाजवा, मग दुसऱ्याच्या हाती काडी द्या आणि लांब जाऊन ऐका. स्टुलावर बसून जे ऐकू येतं, ते प्रेक्षकांपर्यंत पोचतंच असं नाही.

हे मला ड्रम शिकवणाऱ्या सरांचं. सर गोव्याचे, उमेदीची वर्षं सगळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत गेलेली. धोबीतलावच्या खोलीत ते झांज बोटावर टांगायचे, नखाने कडेला टिचकी मारायचे आणि नाद पुरता विरेपर्यंत अवाक्षर काढायचे नाहीत. आम्ही पोरं चुळबुळत बसायचो.

झांजेचा विषय आहे तर मध्येच इस्तंबूल सांगायला हवं. अवेदिस झिल्जान या आर्मेनियन कारागिराने तिथे काशाचा हा ठिसूळ धातू झांजेजोगा केला आणि 1623 मध्ये स्वतःची भट्टी काढली. गिऱ्हाईक होतं सुलतानाचं सैन्य. झांजा शत्रूला धडकी भरवायला. कारखाना 1929 मध्ये अमेरिकेत निघाला, पुढे 1981 मध्ये भाऊबंदकीतून घराण्यातल्या धाकट्या भावाने कॅनडात वेगळी चूल मांडली. मधल्या काळात, 1940च्या आसपास, ड्रमर केनी क्लार्कने जॅझचा ताल पायातल्या बास ड्रमवरून उचलून राइडवर आणला. रणवाद्य कुजबुजायला लागलं.

सर तसेच वाजवायचे, गायिकेच्या श्वासाखालून. तेव्हा तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. इराण्याकडे चहा पिताना रेडिओवर जुनं गाणं लागलं की ते बशी खाली ठेवायचे, टिचकीनंतर थांबायचे तसेच थांबायचे, आणि अंतरा संपल्यावर म्हणायचे, "ही माझी." गाणं कुणाचं, सिनेमा कुठला, काही नाही. आजही ती गाणी लागतात, निवेदक गायक सांगतो, संगीतकार सांगतो, गीतकारही सांगतो, आणि मी रेडिओवर खेकसतो.

सर गेल्यावर त्यांची राइड भाच्याने विकली, कुठल्याशा बेंजो पार्टीला म्हणे. म्हणजे सध्या ती एखाद्या वरातीत ‘नागिन’वर मार खात असणार, आणि हाणणाऱ्याला वाटत असणार, पितळ आहे.